सहावं घर

शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार उठला
की निझव्याच्या किल्ल्यामागची आमची गल्ली
लेंड्या, लोबान आणि वेलदोड्याच्या कॉफीत जरा आडवी होते.
तेव्हा ती आली. झुवैना बिंत सैफ, शाळेत भूगोल शिकवते.
हलव्याच्या पत्र्याच्या डब्यात
आजोबांचं रिव्हॉल्व्हर
आणि तळाशी पिस्त्यांसारखी सुटी काडतुसं.
"पोलिसांना अर्जात लिहून द्यायचंय," म्हणाली.
"हे खातं काय?"

मी इचलकरंजीचा. बापाने जन्मभर मागाचे सुटे भाग तासले,
मी अकरा वर्षं खलफान शेठच्या लेथवर
खंजिरांच्या मुठी, घोड्यांच्या स्प्रिंगा.

पहिल्यांदा नळी भिंतीकडे.
"रिकामंच आहे," ती म्हणाली.
रिकामं आहे म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा,
वाक्यावर ठेवू नये.
खटका दाबला. कंबरेत वाकल्या म्हाताऱ्यासारखं
ते मधोमध उघडलं,
आणि चक्रीतली सहा घरं उजेडात आली.

आमच्याकडे बटणाला घर असतं,
चष्म्याला असतं, सोंगटीला असतं.
गोळीलाही घरच.
हे मला अरबीत सांगता आलं नाही.

पाच घरांत नुसता तांबूस गंज.
सहाव्यात काहीतरी.
शेठने चहाचा ग्लास खाली ठेवला.
लाकडी काडीने पुढून हळूच ढकललं :
कापडाचा बोळा, चरबीत भिजवून वाळलेला.
मी तो बाजूला फडक्यावर ठेवला.

नळीवरचा आकडा झिजलेला,
एक चार, पुढे पुसट काहीतरी.
पुसट आकड्यावर बोटं पणाला लावत नाहीत.
व्हर्निअर घेतला. घरात मेण ओतलं,
थंड झाल्यावर साचा काढला,
तोंड मोजलं, बूड मोजलं, लांबी मोजली,
वहीत लिहिलं, पुन्हा मोजलं.

डब्यात तीन जातींची काडतुसं होती.
काही हिरवट, पोट फुगलेली. काही लांब, बुडाला लाल वळसा.
चार चकचकीत, आखूड, कुणाच्या तरी पिस्तुलातून आलेली.
"ही बघा," म्हणत तिने चकचकीत उचललं
आणि मी हात धरायच्या आत
ते आत गेलं. टक्क.

बसलं.
घोळ इथेच आहे, बाई.
कुणीतरी कधीकाळी चक्रीची पाठ तासून ठेवलीय
नव्या गोळीची सोय म्हणून.
लोखंड मात्र जुनंच, मवाळ दारूच्या बेताने घडवलेलं.
नव्या दारूचा दाब त्याला झेपायचा नाही.
चक्री फुटेल, आणि मग
मोजायला बोटं उरायची नाहीत.
बसतं म्हणजे चालतं, असं नसतं.
(मीही बसलो होतो पहिली तीन वर्षं,
रुवीतल्या एका खोलीत, अकरावा.)

अर्जावर शेठने वळणदार अरबीत मापं लिहिली.
खाली एक ओळ : बार काढू नये.
जुनी काडतुसं पोलिसांच्या हवाली.
तिचा चेहरा उतरला. मग मी लेथ लावला
आणि पितळेची पाच काडतुसं काढून दिली,
आत दारू नाही, नुसतं वजन.

"भरायचं कसं ते तरी दाखवा."
नळी जमिनीकडे. बोट चापाच्या बाहेर.
एकेक, न ठोकता. अडलं तर काढायचं, दाबायचं नाही.
पाच झाली. आता चक्री अशी मिटा
की रिकामं घर घोड्याखाली येईल.
"सहावं का नाही?"
उंटावरून पडलं, दाराला आपटलं,
घोड्याला धक्का बसला तरी खाली काही नको.
आणि हे मी नाही शिकवत,
म्हणत मी फडक्यावरच्या बोळ्याकडे बोट केलं.

तिने तो उचलला. नाकाशी नेला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग मला न विचारता
खटका उघडून सहाव्या घरात
तो परत बसवला.

तीन रियाल घेतले.
शेठ म्हणाला, पितळेचे वेगळे घ्यायचेस की.